आमचा हेर

जर्मनीत पुरुषाच्या नावाआधी 'हेर' लावतात, आपल्या 'श्रीयुत'सारखं. ही माहिती त्यानेच आम्हाला दिली आणि तिथेच तो फसला. त्या दिवसापासून आम्ही त्याला हेर म्हणायला लागलो. मराठीत त्या शब्दाचा जो अर्थ आहे तोही त्याला शोभायचा, कारण कचऱ्याच्या डब्यात कुणी काय टाकलं याची खबर त्याच्याइतकी कुणालाच नसायची. खरं नाव सांगत नाही. सांगितलं तर तो हे वाचेल, आणि शुद्धलेखनाच्या चुका काढून मला परत पाठवेल.

दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये मी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला शिकायला गेलो. चहूकडे डोंगर, मधल्या खोलगटात विद्यापीठ, आणि विद्यापीठाला चिकटून जेवढ्यास तेवढं गाव. भारतीय किराण्याचं एक दुकान होतं, पण तिथे मोहरी असली की हिंग नसायचा. मी सोलापूरचा. माझा रूममेट सुहास नागपूरचा. अपार्टमेंटला तिसरा भिडू हवा होता म्हणून आम्ही विद्यार्थ्यांच्या मेलिंग लिस्टवर टाकलं. एकच उत्तर आलं, एका ओळीचं: 'शनिवारी सव्वाचार वाजता येईन.' शनिवारी चारच्या सुमाराला सुहास खिडकीपाशी उभा होता. म्हणाला, "बे, खाली एक जण बॅगेवर हात ठेवून घड्याळ बघत उभा आहे." सव्वाचारला बेल वाजली. दार उघडल्यावर त्याने आधी हस्तांदोलन केलं, मग नाव सांगितलं, मग बूट काढून भिंतीला समांतर लावले. आमच्या चपला तिथे पसरलेल्या होत्या. त्याही त्याने समांतर लावल्या. मला तो तिथेच आवडेनासा झाला.

हा मूळचा बार्शीचा. पण बार्शीचं नाव त्याच्या तोंडून वर्षात दोनदा आलं असेल. अमेरिकेत येण्याआधी तो दीड वर्ष दक्षिण जर्मनीतल्या एका लहानशा गावात शिकायला होता. जुनं विद्यापीठ, दगडी रस्ते, मधून नदी, वर किल्ला. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ते आम्ही उच्चारायचं नाही असा त्याचा हुकूम होता. त्यात 'उ' आणि 'ई' यांच्या मधला एक स्वर आहे. ओठ शिट्टी मारताना करतो तसे करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. पंधरा दिवस त्याने सुहासला शिकवलं. सुहासच्या तोंडून शेवटपर्यंत शिट्टीच आली. "राहू दे," तो म्हणाला, "तुम्ही नाव घेऊ नका. नुसतं 'तिकडे' म्हणा."

तेव्हापासून जगाचे दोन भाग झाले. तिकडे आणि इथे. तिकडे पाव असा असतो की सुरी लावली तर आवाज येतो, इथे कापूस. तिकडे बस चार वाजून सात मिनिटांनी म्हणजे चार वाजून सात मिनिटांनी. तिकडे प्राध्यापक वर्गात आला की मुलं टेबलावर बोटांची हाडं वाजवून त्याचं स्वागत करतात, इथे वर्गात बसून सँडविच खातात. यातलं काही खोटं असेल असं नाही. पण दीड वर्षात माणूस किती पाहील आणि किती सांगेल याला काही प्रमाण असतं. बावीस वर्षं राहून हा बार्शीकर झाला नव्हता, आणि दीड वर्षात पूर्ण जर्मन झाला होता. आमचं गणित इथेच अडायचं.

नोव्हेंबरात एकदा आम्ही तिघं किराणा घेऊन निघालो होतो. बर्फ भुरभुरत होतं, हातात दहा-दहा पौंडांच्या तांदळाच्या पिशव्या, आणि पलीकडे थांब्यावर आमची बस उभी. रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही गाडी नाही. पण पादचाऱ्यांचा दिवा लाल. मी आणि सुहास पळत ओलांडून गेलो. हेर उभाच.

"अबे, ये ना!" सुहास ओरडला.

"लाल आहे!"

"गाडी कुठे आहे?"

"प्रश्न गाडीचा नाही, प्रश्न सवयीचा आहे! तिकडे लाल असताना कुणी ओलांडत नाही, लहान मुलं बघत असतात!"

त्या रस्त्यावर लहान मूल सोडा, कुत्रंही नव्हतं. बस गेली. पुढची चाळीस मिनिटांनी होती. त्याच्यासाठी आम्हीही थांबलो, हा आमचा मूर्खपणा. आणि त्या चाळीस मिनिटांत त्याने आम्हाला तिकडचं बसचं वेळापत्रक समजावून सांगितलं.

घरात एकच फोन होता. तिकडे म्हणे फोन उचलून 'हॅलो' म्हणत नाहीत, आपलं आडनाव सांगतात. हा फोन उचलून आपलं आडनाव खणखणीत उच्चारायचा आणि गप्प बसायचा. नागपुरात सुहासची आई प्रत्येक वेळी राँग नंबर समजून ठेवून द्यायची. दिवाळीच्या आठवड्यात त्या माउलीने चार वेळा फोन लावला. चारही वेळा यानेच उचलला.

मग झाडूचा आठवडा. तिकडे इमारतीतल्या भाडेकरूंनी पाळीपाळीने एकेक आठवडा जिना झाडायचा असतो, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी लटकते. याने कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची पाटी केली, सुतळी बांधली, आणि आमच्या तीन दारांवर ती आळीपाळीने लटकू लागली. स्वतःच्या पाळीला तो इमारतीचा सार्वजनिक जिना वरपासून खालपर्यंत झाडायचा. खालच्या मजल्यावरच्या अमेरिकन पोरांनी एकदा त्याला नळ गळतोय म्हणून सांगितलं. त्यांना तो इमारतीचा माणूस वाटला. त्याने नळही बघितला.

जानेवारीत, बाहेर उणे पंधरा असताना, तो सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायचा. कोंदट हवा बाहेर गेली पाहिजे. आमच्या नागपूरकराने माकडटोपी आणि हातमोजे घालून वरण घोटलेलं मी पाहिलं आहे. रविवारी आवाज करायचा नाही, हाही तिकडचा नियम. म्हणजे व्हॅक्यूम नाही, मिक्सर नाही, आणि कुकरची शिट्टी नाही. शिट्टी व्हायच्या बेतात आली की हा धावत येऊन शेगडी बंद करायचा. त्या वर्षी रविवारी आम्ही डाळ कच्चीच खाल्ली.

आम्ही त्याची नक्कल करायचो. मी जास्त. मान ताठ, हनुवटी आत, बोट वर, "प्रश्न त्याचा नाही!" गावातली मराठी पोरं माझ्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घ्यायची. नक्कल करण्यात मी बरा होतो, आणि खरं सांगायचं तर त्या गावात माझं जे काही नाव झालं ते तेवढ्यामुळेच.

विद्यापीठात नोकरी करणारे एक मराठी काका होते. सणासुदीला त्यांच्या घरी काकू आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांना जेवायला बोलवायच्या. दिवाळीला सहाला या म्हणाल्या होत्या, म्हणजे माणसाने साडेसहा-पावणेसातला जायचं. हेर सहाला गेला. काकू गाऊनवर होत्या, केसांना टॉवेल. त्यांनी बिचाऱ्यांनी त्याला सोफ्यावर बसवून चकल्या दिल्या. आम्ही पोचलो तेव्हा तो त्यांना सांगत होता की तिकडे जेवायला बोलावलं की वेळेआधी दोन मिनिटं जाऊन दाराबाहेर थांबतात. मग जेवताना तिकडची ट्रेन, तिकडची बाग, तिकडे बटाट्याचे किती प्रकार. काकू हसतमुख बाई. पण सगळं ऐकून घेऊन शेवटी त्यांनी सरळ मनाने विचारलं, "अरे, इतकं चांगलं होतं तर मग इकडे का आलास बाळा?"

हेर ताटाकडे बघत म्हणाला, "फंडिंगचा प्रश्न होता."

"पण तिकडे फी नसते, असं तूच म्हणालास ना मघाशी?"

"हो. म्हणजे, वेगळ्या प्रकारचं फंडिंग."

त्यानंतर तो पाचच मिनिटं बसला. आणि आम्हाला एक छंद मिळाला.

सुहासचं म्हणणं असं की हा जर्मनीला कधी गेलेलाच नाही. कुठेतरी क्लास लावून भाषा शिकला असेल, बाकी सगळं पुस्तकातून. "आणि त्या रविवारच्या फोनचं काय?" मी विचारायचो. दर रविवारी सकाळी आठ वाजता हा स्वयंपाकघरात कॉलिंग कार्ड घेऊन बसायचा, पंचवीस आकडे दाबायचा आणि वीस मिनिटं मोठमोठ्याने जर्मन बोलायचा. ज्या घरात कुकरला बंदी त्या घरात ही आरडाओरड. "पलीकडे कोणी नाही रे," सुहास म्हणायचा. "आपल्याला ऐकवायला बोलतो. बघ ना, कधी ऐकतो का तो? नुसता बोलतो." हे मला पटलं. खरं म्हणजे पटायलाच हवं होतं, कारण त्याशिवाय मजा नव्हती.

फेब्रुवारीत आमच्या लॅबमध्ये हायके नावाची एक पोस्टडॉक आली. जर्मन, आणि तीही त्याच्या त्या गावापासून तासाभराच्या अंतरावरची. हे कळलं तेव्हा मला जो आनंद झाला तो परीक्षेत पहिला आल्यावरही झाला नव्हता. मी तिला रविवारी घरी जेवायला बोलावलं. "आमचा एक रूममेट तुमच्या भागात राहिलेला आहे," एवढंच सांगितलं. सुहासने पैज लावली की रविवारी हेराला अचानक ताप येईल.

ताप आला नाही. त्याने दोन दिवस घर घासलं. खिडक्यांच्या काचा वर्तमानपत्राने पुसल्या. आणि जेवण मीच करणार म्हणाला, तिकडचं. काकूंकडून बुंदीचा झारा मागून आणला आणि उकळत्या पाण्यावर धरून त्यातून कणकेचं पातळ पीठ पाडलं. शेवया म्हणाव्यात तर जाड, मुटकी म्हणावीत तर बारीक, असं काहीतरी झालं. ते अख्ख्या मसुराच्या दाट आमटीत घातलं, वरून व्हिनेगर. सुहासने झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, "ही तर वरणफळं बे!"

"वरणफळं नाहीत," हेर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "यात हळद नाही."

हायके वेळेवर आली. हेर पांढरा शर्ट घालून दारात उभा होता. त्याने तिच्याशी हात मिळवला आणि जर्मनमध्ये दोन-तीन वाक्यं बोलला. भाषा अस्खलित होती, हे आम्हालाही कळलं. मी सुहासकडे बघितलं. पैज गेली, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. हायके डोळे मोठे करून ऐकत होती. मग तिने तोंडावर हात ठेवला. मग तिला हसू आवरेना. ती हसत हसत खुर्चीत बसली, डोळे पुसले, आणि इंग्रजीत आम्हाला म्हणाली, "सॉरी, सॉरी! पण हा माझ्या आजीसारखा बोलतो! अगदी तस्संच! सत्तरीच्या आत आता कोणी असं बोलत नाही. माझी आजीसुद्धा असं फक्त तिच्या कोंबड्यांशी बोलायची!"

मग तिने समजावलं. त्या भागाची एक गावठी बोली आहे. प्रत्येक शब्दाच्या शेवटी 'ले' लावून तो लहान करायचा, जसं आपण लाडाने पिल्लू, बाळुलं म्हणतो तसं. हा माणूस विद्यापीठाची जर्मन बोलतच नव्हता. एखाद्या खेड्यातल्या म्हातारीची बोलत होता, तिच्या हेलासकट, तिच्या सुस्काऱ्यांसकट. आम्हीही हसलो. आम्ही तर हसणारच. बार्शीचा ताठ मानेचा इंजिनिअर, पांढरा शर्ट, आणि तोंडातून कोंबड्यांची आजी.

हेर हसला नाही. वाढत होता, तो वाढत राहिला.

हायके मनाची चांगली होती. तिने विषय बदलला. विद्यार्थ्यांची ती अमकी खानावळ अजून आहे का, नदीत होड्यांची शर्यत बघितलीस का, त्या तळघरातल्या नाचाला जायचास का. एकाही प्रश्नाचं उत्तर त्याला देता येईना. मग हळूहळू त्याला काय माहीत होतं ते बाहेर आलं. बाजारात कुठल्या वारी बटाटे चांगले मिळतात. संधिवाताचा डॉक्टर कुठला. दफनभूमीत पाण्याची झारी कुठे ठेवलेली असते. एका विधवा बाईच्या माळ्यावरच्या खोलीत तो राहायचा. दीड वर्ष तो तिच्याशीच बोलला, आणि जर्मनी म्हणून जे काही त्याने पाहिलं ते तिच्या स्वयंपाकघरातून. जिना झाडणं तिचं, खिडक्या उघडणं तिचं, रविवारचं मौन तिचं. सहा महिने आम्ही एका अनोळखी म्हातारीच्या शिस्तीत राहत होतो.

"आणि विद्यापीठात? तिथे मित्र असतील ना?" हायकेने विचारलं.

तो जर्मनमध्ये काहीतरी बोलला. बराच वेळ, हळू आवाजात, हातातल्या पळीकडे बघत. हायकेचा चेहरा बदलत गेला. ती एकदाही हसली नाही.

"काय म्हणाला?" सुहासने विचारलं.

"तो म्हणाला, जेवण गार होतंय," हायके म्हणाली.

एवढं लांबलचक गार होणं कुठल्याच भाषेत नसतं. दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये तिच्या मागेच लागलो. ती आधी नाही म्हणाली. मी म्हटलं, आम्ही एका घरात राहतो, त्याची काळजी वाटते. काळजी हा शब्द मी वापरला. तेव्हा तिने सांगितलं. पुढे कुणाला सांगू नकोस, असंही सांगितलं.

त्याला वर्गातलं काही कळायचं नाही. प्राध्यापकांची भाषा निराळी, घरी शिकायचा ती निराळी. एका विषयात दोनदा नापास झाला. तिकडे तिसऱ्यांदा नापास झालात तर तो अभ्यासक्रम त्या देशातल्या कुठल्याच विद्यापीठात पुन्हा करता येत नाही. तिसरी परीक्षा तोंडी होती. पाठ करकरून गेला होता. पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना 'थोडंसं' हा शब्द त्याच्या तोंडून म्हातारीच्या बोलीत आला. समोरच्या दोघांपैकी एक परीक्षक खुदकन हसला. वाईट मनाने नाही, आवडलं म्हणून हसला असेल. पण त्यानंतर याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. वीस मिनिटं तो गप्प बसून होता. मग त्यांनी त्याला जायला सांगितलं.

"आणि मीही काल तेच केलं," हायके म्हणाली. "हसले."

तिला खरंच वाईट वाटत होतं. मला वाटत होतं की कधी एकदा घरी जातो. घरापर्यंतही दम निघाला नाही. बसमध्ये सुहास भेटला आणि मी त्याला सगळं सांगून टाकलं. सुहासने ते व्हॉलीबॉल खेळायला जमणाऱ्या पोरांना सांगितलं. आठ दिवसांत गावातल्या प्रत्येक मराठी पोराला माहीत होतं. हेर सोडून.

गुढीपाडव्याला काकूंकडे सगळे जमलो होतो. जानेवारीत आलेला एक नवा मुलगा होता, हेराशी त्याची नीट ओळखही नव्हती. आपणही या कळपातले आहोत हे दाखवायची त्याला घाई. सगळ्यांच्या समोर, तोंडात श्रीखंड असताना तो म्हणाला, "काय हेर, तिकडे तीनदाच बसू देतात म्हणे? इथे किती वेळा देतात विचारून ठेवलंय ना?"

दोघं-तिघं फस्सकन हसले. हेराने त्या मुलाकडे पाहिलंच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. हायके कुणाच्या लॅबमध्ये काम करते हे त्याला माहीत होतं, आणि हिशेब सोपा होता. मग त्याने पुरी संपवली, ताट उचलून सिंकमध्ये विसळलं, म्हणाला, "श्रीखंड छान झालंय काकू," आणि कोट घालून बाहेर पडला.

"काय बोललात रे त्याला?" काकूंनी विचारलं. सगळे खाली मान घालून जेवत होते. मी सगळ्यात जास्त मन लावून.

त्या रात्री दारावरची झाडूची पाटी गेली. रविवारी मी मुद्दाम कुकर लावला, तीन शिट्ट्या होऊ दिल्या. तो खोलीतून बाहेर आला नाही. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो आमच्याशी सभ्यपणे बोलायचा, मीठ मागितलं तर मीठ द्यायचा. महिनाअखेरीस स्वतःच्या जागी दुसरा भाडेकरू शोधून दिला आणि बॅगा घेऊन गेला. बसच्या शेवटच्या थांब्याजवळ एका निवृत्त अमेरिकन बाईच्या घरात त्याने खोली घेतली होती. शहात्तर वर्षांची. बर्फ काढायचं, बाग बघायची, बदल्यात भाडं कमी. आम्ही म्हटलं, बरोबर आहे, त्याला माणसं सत्तरीच्या पुढचीच मानवतात. मी त्यावर एक नवी नक्कलही बसवली.

मेच्या सुरुवातीला आमच्या पत्त्यावर त्याच्या नावाचं जर्मनीहून पत्र आलं. जाड पांढरं पाकीट, चारही कडांना काळी रेघ. "मस्त डिझाइन आहे बे," सुहास म्हणाला. पोस्टात पत्ता बदलून टाकता आलं असतं. पण पाडव्यापासून मला एक अस्वस्थपणा होता. माफी मागायला काहीतरी निमित्त हवं होतं, ते मिळालं. शनिवारी दुपारी मी बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो.

तो अंगणात वाफे खणत होता. मला बघून सरळ उभा राहिला. कसं सुरू करावं मला कळेना, म्हणून मी मला येतं तेच केलं. पाकीट हवेत हलवत म्हटलं, "हे घे, तुझ्या तिकडून प्रेमपत्र आलंय!"

त्याने काळी कड बघितली. त्याला उघडायची गरजच पडली नाही. तिकडे अशा कडेचं पाकीट एकाच कारणासाठी पाठवतात, हे मला त्या क्षणी त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. तो पायरीवर बसला. हाताची माती पँटला पुसली, पत्र काढलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"तिच्या पुतण्याचं आहे," तो म्हणाला. "दोन रविवार फोन उचलत नव्हती. मला वाटलं, बागेत असेल. ऐकू कमी यायचं तिला, ओरडून बोलावं लागायचं."

मी उभाच.

"दीड वर्ष मला अहो-जाहो करायची," तो म्हणाला. "तिकडे तसंच असतं. मी परीक्षेहून आलो त्या दिवशीसुद्धा, अहो, जेवून घ्या, म्हणाली. निघालो तेव्हा स्टेशनवर आली होती, काठी घेऊन. गाडी सुटताना मला पहिल्यांदा 'अरे' म्हणाली. अरे, पोचल्यावर फोन कर."

आणि मग तो रडायला लागला. मोठा माणूस असा रडताना मी पाहिलं नव्हतं. तोंड उघडं टाकून, गळा काढून, आणि मधूनमधून त्या बोलीत काहीतरी पुटपुटत, ले, ले, असं. घरातली बाई धावत बाहेर आली. तिने मला काही विचारलं नाही, त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझी माफी तशीच राहिली. अशा वेळी कशी मागणार, असं मी स्वतःला म्हटलं आणि बस पकडली. बसमध्ये बसल्यावर मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकतो.

घरी आलो तेव्हा सुहास कांदा चिरत होता. "काय म्हणाला?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. पाकिटाचं, पुतण्याचं, स्टेशनचं. सांगता सांगता मी कधी उभा राहिलो मला कळलं नाही. मी खुर्चीच्या कडेवर तो पायरीवर बसला तसा बसलो, तोंड उघडं टाकलं, आणि तो कसा रडला ते करून दाखवलं. ले, ले, सकट. चांगली जमली होती. इतक्या महिन्यांचा सराव होता.

सुहास हसला नाही. त्याने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिला, मी थांबेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत तो बूट घालून दारात उभा होता. आमच्या घरात रविवारी दहाच्या आधी कोणी उठत नसे.

"कुठे?" मी विचारलं.

"जातो जरा त्याच्याकडे."

"थांब, मीही येतो."

"नको," सुहास म्हणाला, आणि दार आवाज न करता लावून घेतलं.